चंबळेच्या काठची रांग

आपल्या घरातील फरशीकडे, वाचकहो, एकवार नीट पाहा. ती हिरवट-राखी रंगाची, पायाला गार लागणारी आणि वर्षानुवर्षे पुसून तुळतुळीत झालेली असेल, तर ती राजस्थानातील कोट्याच्या परिसरातून आली असे समजावयास हरकत नाही. आमच्या इंदूरच्या घरात वडिलांनी बसविली ती हीच फरशी. उन्हाळ्याच्या दुपारी आम्ही भावंडे तिच्यावर पालथी पडून अभ्यास करीत असू आणि ‘कोटा’ हे आमच्या लेखी एका दगडाचे नाव होते. तो एक गाव आहे हे पुढे कळले. आता तर ज्या घरात दहावी झालेले मूल आहे, त्या घरात ते नाव दगडासाठी क्वचितच उच्चारले जात असेल.

२०२५ च्या एप्रिलात धाकट्या बहिणीच्या मुलीस घेऊन कोट्याला जाण्याचा प्रसंग आला. मुलीची दहावीची परीक्षा आटोपली होती. तिला अभियांत्रिकीकडे जावयाचे होते आणि आमच्या मेहुण्यांची इच्छा अशी की, पुढील दोन वर्षे तिला कोट्यास ठेवावे. “तुम्ही एकदा प्रत्यक्ष पाहून या,” असे ते मला म्हणाले. मी काही शिक्षणतज्ज्ञ नव्हे. सारी नोकरी हिशेब तपासण्यात गेलेला, आणि त्यामुळे कोणी आकडा सांगितला की त्याची बेरीज करून पाहण्याची खोड जडलेला मी एक मनुष्य. बहुधा त्यामुळेच ही कामगिरी माझ्याकडे आली.

पहाटेची गाडी उज्जैन, नागदा अशी वळसा घेत उत्तरेकडे निघते. माळव्याची काळी जमीन हळूहळू मागे पडते आणि भवानी मंडीचे स्थानक येते. या स्थानकाची मौज अशी की, मध्य प्रदेश आणि राजस्थान यांची सीमा त्यातूनच जाते. एकाच फलाटावर चार पावले चाललात की राज्य बदलते. भाचीला याचे फार नवल वाटले. मलाही त्या वेळी ती केवळ गंमतच वाटली. पुढे रामगंज मंडी लागली. रुळांच्या बाजूस फरशांच्या चळती, त्यांवर पांढरट धूळ, आणि दूर खाणींचे ढीग. आमच्या घरातली जमीन येथे उभी होती म्हणा ना! त्यानंतर दऱ्याच्या खिंडीतून मुकुंदऱ्याचे डोंगर ओलांडून गाडी कोट्याच्या मैदानात उतरते.

गाव जुना आहे. कोटिया नावाच्या भिल्ल नायकावरून त्याचे नाव पडले असे सांगतात. सतराव्या शतकात बुंदीच्या हाडा राजपुतांची एक शाखा येथे वेगळी राज्य करू लागली. चंबळेच्या काठी गढी आहे, गावाच्या मध्यावर किशोरसागर तलाव असून त्याच्या पाण्यात जगमंदिर नावाचा लहानसा महाल तरंगल्यासारखा दिसतो. जवळच्या कैथून गावी विणकर आजही मागावर कोटा-डोरियाची वस्त्रे विणतात. त्यांतील बारीक चौकडी इतकी विरळ असते की साडी हातात धरली तरी हात दिसावा. हिंगाची कचोरी खाल्ल्यावाचून येथून परतू नये. स्वातंत्र्यानंतर चंबळेवर धरणांची मालिका उभी राहिली, त्यांतील कोट्याचा बंधारा १९६० मध्ये पुरा झाला. पाणी आणि वीज आली, त्यांच्या पाठोपाठ कारखाने आले. कृत्रिम धाग्याच्या एका मोठ्या कारखान्यावर तर हजारो कुटुंबे पोसली जात.

याच कारखान्यात विनोदकुमार बन्सल नावाचे एक तरुण अभियंते नोकरीस होते. स्नायू क्षीण करीत जाणाऱ्या असाध्य व्याधीने त्यांना ऐन तारुण्यात गाठले. पुढे चालणे थांबणार हे डॉक्टरांनी सांगितल्यावर बसून करता येईल असा उद्योग म्हणून त्यांनी घरीच मुलांना गणित शिकविण्यास आरंभ केला. जेवणाच्या टेबलाभोवती बसणारी ती मोजकी मुले. त्यांतील काही भारतीय तंत्रज्ञान संस्थांच्या प्रवेशपरीक्षेत यशस्वी होऊ लागली, तशी मुले वाढली. १९९१ मध्ये वर्गाला संस्थेचे रूप आले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तो कारखाना बंद पडला, आणि ज्या गावाचे हात रिकामे झाले होते त्या गावाने आपल्या खोल्या विद्यार्थ्यांना भाड्याने देण्यास सुरुवात केली. बन्सल सर २०२१ मध्ये करोनाच्या साथीत निवर्तले. चाकाच्या खुर्चीवरून शिकविणाऱ्या या माणसाविषयी गावातला रिक्षावालाही आदराने बोलतो.

आज आपण तलवंडी, जवाहरनगर, महावीरनगर किंवा नदीपलीकडे कुन्हाडी या भागांत गेलात, तर इमारतींमागून इमारती वसतिगृहांच्याच दिसतील. एका गल्लीत खानावळ, वह्यांच्या छायाप्रती काढणारे दुकान, चष्म्याचे दुकान, पुन्हा खानावळ. दुपारी एक वेळचे वर्ग सुटतात तेव्हा एकाच रंगाचे सदरे घातलेल्या मुलांचा लोंढा रस्ता भरून वाहतो. भोजपुरी, हरियाणवी, बुंदेली, मधूनच आपली वऱ्हाडीसुद्धा कानी पडते. काही वर्षांपूर्वी येथील बाहेरगावच्या विद्यार्थ्यांची संख्या दोन लाखांच्या घरात गेली होती. अलीकडे ती बरीच उतरली आहे, आणि ‘खोली रिकामी आहे’ अशा पाट्या आम्हांस जागोजागी दिसल्या.

आणि चौकाचौकांत छायाचित्रे! दहा-दहा हात उंचीची, हसऱ्या मुलामुलींची, खाली त्यांचा अखिल भारतीय क्रमांक. एका नामांकित वर्गात आम्ही चौकशीस गेलो. तेथील सभ्य गृहस्थांनी मुलीचे गुण पाहिले, दोन प्रश्न विचारले आणि “हिचे काम होणार” असे हसून सांगितले. शुल्क, वसतिगृह, जेवण मिळून वर्षाला तीन लाखांच्या आसपासचा आकडा त्यांनी कागदावर मांडला. मी विचारले, “गेल्या वर्षी या तुकडीत मुले किती होती, आणि त्यांपैकी किती जणांना जागा मिळाली?” ते गृहस्थ क्षणभर थांबले आणि त्यांनी मागच्या भिंतीवरील छायाचित्रांकडे हात केला. वाचकहो, अंश सांगावयाचा आणि छेद झाकावयाचा, या प्रकारास आमच्या हिशेबखात्यात वेगळे नाव होते. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा वर्गांच्या फसव्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक नियम काढले, ते उगाच नव्हे.

तो छेद आपणच मांडू. २०२४ सालचे आकडे घ्या. संयुक्त प्रवेशपरीक्षेच्या पहिल्या टप्प्याला, म्हणजे ‘मेन’ला, चौदा लाखांवर मुले बसली. त्यांतील वरच्या अडीच लाखांना दुसऱ्या टप्प्याची, ‘ॲडव्हान्स्ड’ची, दारे उघडली. तेथे प्रत्यक्ष बसले १,८०,२००. पात्र ठरले ४८,२४८. आणि तेवीस भारतीय तंत्रज्ञान संस्थांतील जागा होत्या १७,७४०. म्हणजे आरंभीच्या रांगेतील सुमारे ऐंशी मुलांमागे एक जागा. याहून विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, जे शेवटची परीक्षा ‘पास’ झाले, ज्यांच्या घरी पेढे वाटले गेले असतील, त्यांतीलही तीस हजारांहून अधिक मुलांना तेथे जागा नव्हती. जागाच नव्हती, मग मुलाने आणखी किती रात्री जागाव्यात? वैद्यकीयची स्थिती याहून फारशी निराळी नाही. त्याच वर्षी तेवीस लाखांवर मुले त्या परीक्षेस बसली आणि एम. बी. बी. एस. च्या जागा लाखाहून थोड्याच अधिक होत्या.

आणखी एक शब्द पालकांना फसवितो, तो ‘पर्सेंटाइल’. आपल्या मुलाला ९९ मिळाले असे ऐकले की आपल्या पिढीच्या मनात शंभरांपैकी नव्याण्णव गुण उभे राहतात. ते गुण नव्हेत. शंभरांतील नव्याण्णव मुले आपल्या बरोबरीची वा मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. रांग चौदा लाखांची असेल तेव्हा ९९ वाल्या मुलाच्या पुढे ढोबळ मानाने चौदा हजार मुले उभी असतात. हे मी भाचीला एका खानावळीत वहीच्या पाठीमागे लिहून दाखविले. तिने ते शांतपणे पाहिले आणि म्हणाली, “मामा, पण कोणीतरी पुढे असणारच ना?” या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते. खरोखरच कोणीतरी असणार, आणि ती कोणी आपल्याच घरची असू नये असे म्हणण्याचा अधिकार मला कोणी दिला?

त्या खानावळीत शेजारच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या, बिहारमधील समस्तीपूरकडच्या. मुलाबरोबर येथे एक खोली घेऊन राहात होत्या. पती गावी, थोरली मुलगी आजीकडे. अशा कितीतरी माता या गावात आहेत. मुलाचे हे तिसरे वर्ष. ‘ॲडव्हान्स्ड’ला लागोपाठ दोनच वर्षे बसता येते आणि ती दोन वर्षे संपली होती. आता कोणत्या परीक्षेची तयारी चालली आहे, असे मी विचारले नाही. त्याच आपण होऊन म्हणाल्या, “गावाकडे लोक विचारतात, मुलगा काय करतो. मी सांगते, कोट्याला आहे. एवढे सांगितले की पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही.”

तलवंडीत राधाकृष्णाचे एक मंदिर आहे. आपण कोट्याला गेलात तर गढी राहिली तरी चालेल, हे मंदिर पाहावे. येथील भिंतींवर विद्यार्थी आपापले नवस लिहितात. भिंत भरली की पुजारी तिच्यावर पुन्हा रंग देतात आणि नव्या मुलांसाठी ती पुन्हा कोरी होते. आम्ही गेलो तेव्हा सायंकाळची आरती व्हावयाची होती. भिंत भरत आली होती. कोणी नुसता एक क्रमांक लिहून त्याला चौकट घातली होती. कोणी संस्थेचे नाव व शाखा इतक्या तपशिलाने लिहिली होती की देवाला पत्ता चुकू नये. पुष्कळांनी स्वतःसाठी काहीच मागितले नव्हते. आईचे डोके दुखणे थांबू दे, पप्पांचे कर्ज फिटू दे, दादाला नोकरी लागू दे. एका कोपऱ्यात देवनागरीतच, पण मराठीत, बारीक अक्षरांत होते, “या दिवाळीला घरी जायला मिळू दे.” त्या ओळीपाशी भाची बराच वेळ उभी राहिली. मी पुढे गेलो आणि चपलांपाशी तिची वाट पाहात थांबलो.

या गावाविषयी लिहिताना एक गोष्ट टाळता येत नाही, आणि सजवून सांगताही येत नाही. २०२३ या एका वर्षात येथे शिकावयास आलेल्या पंचवीसहून अधिक मुलांनी आपले जीवन संपविले. त्या ऑगस्टात जिल्हा प्रशासनाने दोन महिन्यांसाठी वर्गांतील चाचण्या थांबविल्या. २०२४ च्या जानेवारीत शिक्षण मंत्रालयाने सोळा वर्षांखालील मुलांना अशा वर्गांत घेऊ नये, खोटी आश्वासने देऊ नयेत, असे मार्गदर्शक नियम जाहीर केले. त्याच वर्षी तेथील जिल्हाधिकारी दर आठवड्याला एखाद्या वसतिगृहात मुलांबरोबर जेवावयास बसू लागले. आम्ही पाहिलेल्या एका वसतिगृहाच्या जिन्यात १४४१६ हा शासनाच्या ‘टेली मानस’ सेवेचा क्रमांक मोठ्या अक्षरांत लावलेला होता. तो कोणालाही, कोणत्याही वेळी, विनाशुल्क लावता येतो. आपले मूल घरीच शिकत असले तरी तो फोनपाशी लिहून ठेवावा. वसतिगृहाच्या व्यवस्थापिकाबाई वयस्क होत्या. त्या म्हणाल्या की, चाचणीचे निकाल लागतात त्या रात्री मी जेवणाची ताटे स्वतः मोजते. ज्याचे ताट उचलले गेले नाही, त्याच्या दारावर जाऊन थाप मारते. बाकी मला काय कळते?

चाचणीच्या निकालावर तुकडी ठरते, हेही सांगावयास हवे. वरच्या तुकडीतील मूल घसरले की खालच्या तुकडीत जाते आणि सदऱ्याचा रंग तोच राहिला तरी सर्वांना ते ठाऊक असते. शाळेत असताना गावात पहिले आलेले मूल येथे दीडशेंच्या वर्गात एकशे दहावे येते. ते मूल बिघडलेले नसते, तेथे जमलेली सगळीच आपापल्या गावची पहिली असतात. पण पंधरा वर्षांच्या मुलाला हे सांगणार कोण, आणि फोनवर निकाल विचारणाऱ्या बापाला तरी कोण सांगणार?

दुसऱ्या दिवशी एक उपयुक्त माहिती हाती आली, आणि ती कोणत्याही जाहिरातीत नव्हती. वसतिगृहात भाचीची ओळख झालेल्या एका मुलीने सहज विचारले, “तू बारावीचा अर्ज कोठून भरणार?” कोट्याच्या वर्गात येणाऱ्या पुष्कळ मुलांची नावे कोणत्यातरी शाळेत केवळ नावापुरती असतात. अशा शाळांविरुद्ध केंद्रीय मंडळाने पावले उचलली असून २०२४ च्या नोव्हेंबरात दिल्ली आणि राजस्थानातील एकवीस शाळांची संलग्नता काढून घेतली. परंतु प्रश्न तेवढाच नाही. भारतीय तंत्रज्ञान संस्थांखालोखाल ज्यांचे नाव घेतात त्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांत निम्म्या जागा त्या-त्या राज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात, आणि विद्यार्थी कोणत्या राज्याचा हे त्याच्या जन्मगावावरून वा शिधापत्रिकेवरून ठरत नाही. बारावी कोणत्या राज्यातून उत्तीर्ण झाला यावरून ठरते! भाचीने राजस्थानातील शाळेतून बारावी केली, तर भोपाळच्या संस्थेत ती परराज्यातील ठरणार आणि जयपूरच्या संस्थेत राजस्थानची. महाराष्ट्रातील वाचकांनी तर अधिकच जपावे. तेथे वैद्यकीयच्या राज्य कोट्यातील जागेसाठी सामान्यतः अधिवासाच्या दाखल्याबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेल्या लागतात. लातूरचे मूल कोट्याला आणून बारावी तेथेच उरकली, तर घरचा ‘कोटा’ हातचा गेला असे होऊ शकते. शब्दाची ही कोटी माझी नव्हे, ती त्या मुलीचीच. तिच्या बाबतीत असेच झाले होते आणि ते तिला सहा महिन्यांनी कळले होते.

त्या मुलीला भाचीने विचारले, “चंबळ येथून किती लांब?” तिने मान हलविली. वर्षभर राहून तिने नदी पाहिलेली नव्हती. रविवारी चाचणी असते, आणि चाचणी नसली तर झोप. आम्ही तिला बरोबर घेतले. वसतिगृहाच्या बाईंनी वहीत सही घेतली आणि सातच्या आत परत या म्हणून बजावले. बंधाऱ्याच्या वरच्या अंगास पाणी विस्तीर्ण आणि संथ पसरले होते. समोर औष्णिक वीजकेंद्राची धुराडी, खाली खडकांवर पाणकावळे पंख पसरून वाळवीत बसलेले. या नदीत मगरी आहेत असे कळल्यावर दोघी मुली पाऊण तास प्रत्येक ओंडक्याकडे मगर म्हणून पाहात राहिल्या. एकही मगर दिसली नाही. परतताना त्या मुलीने कचोरी घेतली आणि पुढच्या चाचणीचा विषय काढला, पण हसत.

परतीच्या गाडीत मी मेहुण्यांना काय सांगावयाचे याची जुळवाजुळव करीत होतो. भाचीने मात्र माझा फोन मागून घेतला होता. संयुक्त जागावाटपाच्या प्रत्येक फेरीत कोणत्या संस्थेत, कोणत्या शाखेची शेवटची जागा कितव्या क्रमांकावर गेली, हे दरवर्षी सर्वांसाठी प्रसिद्ध होते. तीन लाखांचा हिशेब मांडणाऱ्या कोणीही आम्हांला ते दाखविले नव्हते. वहीत ती ते आकडे उतरून घेत होती. डाव्या बाजूस भारतीय तंत्रज्ञान संस्था, उजव्या बाजूस भोपाळ आणि जयपूर. मुलींसाठी २०१८ पासून वाढविलेल्या जागांचा रकाना तिने वेगळा आखला होता. मुंबईच्या संगणकशाखेचा आकडा लिहून तिने त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह केले, खोडले, आणि पुन्हा केले.

“अकरावीला शाळा इंदूरचीच ठेवते,” ती वहीतून मान वर न करता म्हणाली. “वर्गाचे मात्र अजून ठरत नाही. बाबांना मी सांगेन, तुम्ही नका सांगू.”

भवानी मंडीला गाडी थांबली. पाण्याची बाटली भरावयास ती खाली उतरली आणि नळापाशी रांग होती म्हणून थोडा वेळ लागला. परत येऊन तिने विचारले, “मामा, तो नळ कोणत्या राज्यात होता?” मी खिडकीतून पाहिले, पण गाडी सुटली होती.